पंक्तिभेद नको असेल तर: पीटर लुगर की कीन्स?

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे मित्र आले की कधीतरी विषय निघतोच: "ते जुनं, लाकडी भिंतींचं, अस्सल न्यूयॉर्कचं स्टेकहाउस असतं ना, तिथं जाऊ या." चौकशी केली की फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात. ब्रुकलिनमधलं पीटर लुगर आणि मॅनहॅटनमधलं कीन्स. कीन्स १८८५ सालचं, लुगर १८८७ सालचं, म्हणजे वयाने दोन्ही जवळपास सारखीच. मी दोन्हीकडे अनेकदा जेवलो आहे, आणि बहुतेक वेळा सांगलीच्या कॉलेजपासूनचे आम्ही तेच पाच जण मिळून. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते टोळक्याने जाणाऱ्यांसाठी आहे. दोघंच जाणार असाल तर हिशेब वेगळा होऊ शकतो. स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड, भाजलेला काप; आतून गुलाबी ठेवला तर मीडियम-रेअर, गुलाबी जेमतेम उरेल इतका शिजवला तर मीडियम-वेल, एवढं ध्यानात असू द्या.

आधी लुगर. नुसत्या गोमांसाच्या चवीचा प्रश्न असेल तर माझ्या मते तेच उजवं आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय बाकीचं बोलू नये.

विल्यम्सबर्ग पूल ब्रुकलिनच्या बाजूला उतरतो, तिथेच ते आहे. सुरुवातीला कॅफे, बिलियर्ड्स आणि बोलिंग असं सगळं एकाच छपराखाली होतं. १९५० मध्ये ते लिलावात निघालं आणि समोरच धातूच्या भांड्यांचा कारखाना चालवणाऱ्या सोल फोरमन यांनी घेतलं. मला त्या इतिहासातला आवडणारा भाग त्यांच्या पत्नी मार्शा यांचा आहे. त्या घाऊक बाजारात जाऊन मांस पारखायला शिकल्या, आणि पुढे ते काम घरातल्या बायकांनीच सांभाळलं. मंडईत प्रत्येक वांगं उलटंपालटं करून बघितल्याशिवाय टोपलीत न टाकणारी माझी आजी मला तिथे हमखास आठवते. लुगरमध्ये ताटात जे येतं त्याची निम्मी करामत या निवडीत आहे, असं मला वाटतं.

दालन साधं आहे. उघडी लाकडी टेबलं, चादर नाही, जुन्या जर्मन बिअर हॉलसारखा मोकळा गलबला. आपण पाच जण मोठ्याने बोललो तरी कुणी वळून बघत नाही. आधी जाड बेकनच्या पट्ट्या येतात, त्या एकेक करून मागवता येतात. कांदा-टोमॅटोचे जाड काप येतात, त्यावर त्यांचा तो आंबटगोड सॉस. मग स्टेक.

तो येताना बघण्यासारखा असतो. दोघांचा, तिघांचा किंवा चौघांचा मिळून एकच पोर्टरहाउस, म्हणजे हाडासकटचा मोठा स्टेक, हाडाच्या दोन्ही बाजूंना कापून पुन्हा हाडाला टेकवून मांडलेला. वाढपी टेबलावर एक छोटी बशी पालथी घालतो आणि मोठ्या ताटाची एक कड तिच्यावर टेकवतो. ताट कलतं, आणि उतरत्या बाजूला मांसाचा रस आणि वितळलेलं लोणी यांचं तळं साचतं. लोणी अजून चरचरत असतं, त्याचा वास आपल्या घरी लोणी कढवताना येतो त्याच्या फार जवळचा आहे. वाढपी प्रत्येकाला दोन-दोन काप वाढतो आणि चमच्याने ते तळ्यातलं वरून सोडतो. एका बाजूचं मांस लुसलुशीत, दुसऱ्या बाजूचं जरा चिवट पण चवीला दाट. पहिला घास घेतल्यावर आमचा नागपूरकर, जो एरवी गप्प बसत नाही, पाच मिनिटं काही बोलला नव्हता.

२०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने लुगरला एकही तारा दिला नाही आणि २०२२ मध्ये मिशलिन या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचा ताराही गेला. हे वाचून कुणी लुगर यादीतून काढून टाकू नये. त्यानंतरही मी तिथे गेलो आहे आणि त्या कलत्या ताटाने माझी निराशा केलेली नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, क्रेडिट कार्ड चालत नाही. रोख किंवा इथल्या बँकेचं डेबिट कार्ड न्या, भारतातून आलेल्या मित्राने बिल द्यायचा हट्ट धरला तरी.

मग माझं अडलं कुठे? त्या ताटातच.

एकच ताट म्हणजे एकच शिजवणं. आमच्यातल्या डोंबिवलीकराला आतून गुलाबी दिसलं की घास उतरत नाही, नागपूरकराला गुलाबीच हवं. यावर तोड आहे: दोघांचा एक मीडियम-रेअर आणि दोघांचा एक मीडियम-वेल असे दोन मागवायचे. आम्ही तसंच करतो. पण ताट इतकं तापलेलं असतं की मांस त्यावर शिजतच राहतं. आमची सवय अशी की दोन घास झाले की गप्पा सुरू होतात, कुणाची मुलगी कॉलेजला कुठे लागली, कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि पुन्हा ताटाकडे वळेपर्यंत शेवटचे काप करडे झालेले असतात. रेंगाळत जेवणाऱ्यांसाठी ती पद्धत नाही, पटापट, गरमागरम खाणाऱ्यांसाठी आहे. हा दोष म्हणता येणार नाही, तिथली रीतच ती आहे. एवढ्यावरही मी लुगरलाच कौल दिला असता.

खरी अडचण पाचव्याची आहे.

आमचा पाचवा कोल्हापूरकर. तो गोमांस खात नाही. इतरांनी खाल्लं तर त्याची काही हरकत नसते, आणि स्टेकहाउसला जायचं ठरलं की सगळ्यात आधी तयार होणाराही तोच. पण एकदा न्यू जर्सीतल्याच एका स्टेकहाउसमध्ये (नाव नको) आम्ही चौघांनी मिळून मोठं ताट मागवलं आणि त्याने मासा. आमचं ताट आलं. त्याचा मासा नाही आला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "खा रे, गार होतंय," तो म्हणत होता. आम्ही काटे हातात धरून बसलो होतो. थांबावं तर आमचं गार होतंय, खावं तर तो बघत बसतोय. मासा आला तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती आणि तोवर आम्ही निम्मं संपवलं होतं. त्याने तो मासा मुकाट्याने खाल्ला आणि गोड काही नको म्हणाला. कोल्हापूरचा माणूस गोड नको म्हणाला, तेव्हा मला समजलं. लहानपणी लग्नातल्या पंगतीत शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कुणी हात लावत नसे. पंक्तिभेद हा शब्द आम्ही घरात ऐकत मोठे झालो, आणि त्या रात्री आम्हीच तो करून बसलो होतो.

तेव्हापासून मी स्टेकहाउसची परीक्षा पाचव्या माणसाच्या खुर्चीवरून करतो. लुगरमध्ये त्याच्यासाठी काही नाही असं अजिबात नाही. कोकराचे चॉप, म्हणजे हाडासकटचे काप, मिळतात, मासाही मिळतो. त्याने चॉप घेतले होते, वेळेवर आले, छान होते. पण टेबलाच्या मधोमध ते कलतं ताट, वाढपी चौघांना वाढतोय, चौघं एकमेकांना म्हणतायत "हा काप घे, हाडालगतचा", आणि पाचवा आपल्या बशीपुरता. तिथल्या कुणाचीही यात चूक नाही. त्या घराचा अभिमान ज्या पदार्थात आहे तो पदार्थ त्याच्यासाठी नाही, इतकंच.

कीन्समध्ये उलट आहे. त्या घराचा मान मटण चॉपला आहे.

पेन स्टेशनपासून कीन्स चालत काही मिनिटांवर आहे, पश्चिम ३६व्या रस्त्यावर. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यू जर्सी ट्रान्झिटने येणाऱ्याला यासारखी सोय नाही, गाडी आणायची नाही, पार्किंग शोधायचं नाही, प्यायलेल्यांपैकी परत कोण चालवणार हा वाद नाही. लुगरला जायचं तर पुढे मार्सी ॲव्हेन्यूपर्यंत सबवेने जावं लागतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा सगळे वर बघतात. छत दिसतच नाही, तिथे तंबाखू ओढायचे मातीचे लांब, सडपातळ पाइप शेजारी-शेजारी टांगलेले आहेत, हजारोंनी. हे पाइप इतके ठिसूळ की बरोबर घेऊन फिरायची सोय नाही, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांनी आपला पाइप खाणावळीतच ठेवायचा, ही जुनी इंग्रजी रीत. जेवण झालं की पोऱ्या तुमच्या क्रमांकाचा पाइप आणून द्यायचा. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, बेसबॉलपटू बेब रूथ, आइन्स्टाइन यांची नावं तिथल्या पाइपवाल्यांत घेतली जातात. शहरात हॉटेलांतली सिगारेट २००३ मध्येच बंद झाली, त्यामुळे आता ते पाइप नुसते वर आहेत. पण उजेड मंद, लाकूड काळपट, टेबलांवर पांढरी चादर, भिंतीभर जुनी चित्रं आणि नाटकांच्या जाहिराती. आवाज आपोआप खाली येतो. आमच्या नागपूरकराचासुद्धा.

आणखी एक गोष्ट मला इथली फार आवडते. पूर्वी कीन्समध्ये बायकांना प्रवेश नव्हता. लिली लँगट्री ही नटी होती, तिने १९०५ मध्ये कोर्टात दावा लावला, जिंकली, आणि मग येऊन मटण चॉप मागवला. आज तिच्या नावाची खोली तिथे आहे. दाराबाहेर ठेवलेल्या बाईने आत येऊन मागवलेला पदार्थ आमचा पाचवा माणूस मागवतो, ही गोष्ट मला योगायोगापेक्षा मोठी वाटते.

आता चॉपबद्दल. आपल्या बोकडाच्या मटणाची चव मनात धरून जाऊ नका, हे मेंढीचं आहे आणि रस्सा-बिस्सा काही नाही. पाठीच्या दोन्ही बाजूंचा मिळून एकच जाडजूड काप, मधे हाड, दोन्ही टोकं पिळदार मिश्यांसारखी वळलेली आणि त्या टोकांवरची चरबी भाजून कुरकुरीत. बशीत ठेवला की बशी दिसत नाही. कोल्हापूरकराने पहिल्यांदा तो पुढ्यात आला तेव्हा काटा उचललाच नाही, आधी वास घेतला. मग टोकाची चरबी तोडून तोंडात टाकली आणि म्हणाला, "हे जमलंय." आमच्याकडे मटणाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असतो. हाडालगतचं मांस त्याने सुरी बाजूला ठेवून हातानेच खाल्लं, आणि शेजारच्या टेबलावरचे सूटबूटवाले आजोबाही तेच करत होते.

कीन्सचा स्टेक लुगरच्या तोडीचा आहे का? माझ्या जिभेला जरा डावा वाटतो. चांगला आहे, पण त्या चरचरत्या लोण्याची सर नाही. तिथला प्राइम रिब, म्हणजे बरगडीकडच्या गोमांसाचा भाजलेला काप, मात्र मला आवडतो. शिवाय प्रत्येकाची बशी आपली, प्रत्येकाचं शिजवणं आपलं. डोंबिवलीकर आपला तपकिरी तुकडा शांतपणे खातो, त्याला कुणी चिडवत नाही. सिंगल मॉल्ट व्हिस्कीची यादी लांबलचक आहे, ज्याला त्यात रस आहे त्याने नीट वेळ ठेवून जावं. खर्चात मला फारसा फरक जाणवला नाही, पिण्यासकट आणि टिपसकट दोन्हीकडे आम्हाला माणशी दीडशे डॉलरच्या आसपास पडलं.

गोड पदार्थांत लुगर पुन्हा पुढे. तिथे पायबरोबर श्लाग म्हणजे घट्ट फेटलेल्या सायीचा डोंगर देतात, आणि बिलाबरोबर सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. माझ्या मुलीसाठी मी ती दर वेळी खिशात घालून आणतो. तुमचे सगळे मित्र गोमांस खाणारे, भुकेले आणि घाईत असतील तर तिकडेच जा, मी अडवणार नाही.

आमचं मात्र ठरून गेलंय. मागच्या खेपेला कीन्समध्ये कोल्हापूरकराने चॉप आल्या आल्या सुरी घेतली, मधल्या मांसाचे चार काप केले आणि न विचारता आमच्या प्रत्येकाच्या बशीत एकेक ठेवला. टोकांची चरबी त्याने स्वतःसाठी राखली. नंतर त्याने वाढप्याकडे गोडाची यादी मागितली.