पाच तास वीस मिनिटं : माझ्या पीएलबीबद्दल

पीएलबी म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, संकटात बटण दाबलं की उपग्रहांमार्फत मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र. माझा बीकन गेली चार वर्षं सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेला असतो. मुठीत मावतो, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, रंग भडक पिवळा. चार वर्षांत तो खरोखर एकदाच दाबायची वेळ आली. त्या दिवशी काय झालं आणि त्यातून या वस्तूबद्दल काय कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण घेण्याआधी मी वाचलेल्या परीक्षणांमध्ये वजन, बॅटरी आणि पाण्यात चालतो का, याच्यापुढे कुणी गेलेलं नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. 406 मेगाहर्ट्झवर चालणारे जवळजवळ सगळे बीकन एकाच आंतरराष्ट्रीय मानकाने बांधलेले असतात, त्यामुळे इथलं बहुतेक सगळं तुमच्या हातातल्या बीकनलाही लागू पडेल.

आम्ही चौघं होतो. डोंगराच्या उत्तर अंगाची एक अरुंद नाळ, म्हणजे कड्यांमधली उभी घळ, उतरत होतो. दुपारी 1.40 ला मावसभावाच्या पायाखालचा घसारा सुटला, तो दहा-बारा फूट घरंगळला आणि उजवा पाय दोन धोंड्यांत अडकून नडगीचं हाड मोडलं. मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. रक्त फारसं नव्हतं, पण पाय टेकवणं अशक्य होतं, आणि त्या नाळेतून माणूस उचलून वर किंवा खाली नेणं आम्हा तिघांच्या आवाक्यातलं नव्हतं. चारही मोबाईलला रेंज नाही. काठीचे दोन तुकडे लावून पाय बांधला, त्याला धरून शेजारच्या कपारीत घेतलं आणि 1.52 ला बीकन हातात घेतला.

आता वस्तूबद्दल. अँटेना म्हणजे पोलादी मोजपट्टीसारखी एक लवचीक पात आहे, ती बीकनभोवती गुंडाळलेली असते. ती सोडून उभी केल्याशिवाय बटणापर्यंत बोटच जात नाही. ही रचना मला मनापासून आवडली, कारण सॅकमध्ये दाबला जाऊन चुकून चालू होण्याची भीती राहत नाही. पण तिला दोन्ही हात लागतात. हातमोजे घालून आणि डोळे मिटून अँटेना सोडायचा सराव मी घरी केला होता. त्या दिवशी बोटं थरथरत होती तरी हात आपोआप चालले ते त्यामुळेच. तुमचा बीकन नुसता लटकवून ठेवला असेल तर आजच एकदा अँटेना सोडून पाहा. फक्त बटण दाबू नका.

बटण दाबल्यावर जवळपास मिनिटभर काहीच घडत नाही. हे माहीत नसेल तर माणूस घाबरून पुन्हा पुन्हा दाबत बसेल. पहिला संदेश साधारण 50 सेकंदांनी जावा असं मानकातच ठरवलेलं आहे, म्हणजे चुकून दाबलं गेलं तर बंद करायला तेवढा अवधी मिळतो. पुढे दर 50 सेकंदांच्या आसपास अर्ध्या सेकंदाचा एक संदेश 5 वॉट ताकदीने वर जातो. त्या वेळेत दोन-अडीच सेकंदांचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे एकमेकांजवळ दोन बीकन एकदम सुरू असले तरी त्यांचे संदेश दर वेळी एकमेकांवर आदळत नाहीत. संदेशात असतो बीकनचा स्वतःचा कोड, त्यातच देशाचा क्रमांक, आणि जीपीएस लागला असेल तर जागा. तुमचं नाव नसतं, काय झालंय तेही नसतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मी बीकन कपारीच्या तोंडाशी ठेवला होता. माझ्याकडच्या मॉडेलमध्ये जीपीएस लागेपर्यंत प्रत्येक संदेशाला दिवा लाल लुकलुकतो, लागला की हिरवा. पाच-सहा वेळा लाल आला. मग मी तो उचलून पंधरा पावलं बाहेर, नाळेच्या मधोमध एका मोठ्या धोंड्यावर नेला, दोरीने बांधला, अँटेना सरळ आभाळाकडे केली. 2.03 ला हिरवा दिवा दिसला. बीकन जवळ, हातात ठेवावासा वाटतो, तेवढाच धीर येतो. पण त्याला आभाळ लागतं. आम्ही आडोशाला आणि तो उघड्यावर, असे पाच तास गेले.

जीपीएस लागला नसता तरी सगळं संपलं नसतं. ही व्यवस्था उभी राहिली तेव्हा बीकनमध्ये जीपीएस नव्हताच. शिट्टी वाजवत आगगाडी समोरून गेली की सूर आधी चढा आणि मग उतरता लागतो. तसंच, डोक्यावरून धावणाऱ्या उपग्रहाला बीकनची फ्रिक्वेन्सी किंचित बदलत जाताना ऐकू येते आणि त्या बदलावरून जमिनीवरची जागा काढता येते. तेवढ्यानेही साधारण पाच किलोमीटरच्या आतला ठिकाणा लागतो. जीपीएसने तोच शंभरेक मीटरवर येतो. पाच किलोमीटर डोंगर आणि शंभर मीटर डोंगर यातला फरक ज्यांनी रात्री कुणाला शोधलंय त्यांना सांगायला नको.

या व्यवस्थेचं नाव कोस्पास-सारसॅट. 1979 मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन यांनी मिळून ती सुरू केली. शीतयुद्धाच्या ऐन काळात! सप्टेंबर 1982 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एक लहान विमान पडलं, त्याचा सिग्नल सोव्हिएत उपग्रहाने टिपला आणि तिघं जण वाचले. ती पहिली सुटका. तेव्हापासून या व्यवस्थेने 50 हजारांहून जास्त माणसांच्या सुटकेला हातभार लावलाय. त्या धोंड्यापाशी बसून मी या तिघांचा बराच विचार केला. आपल्या आधी कुणाचं तरी ऐकलं गेलंय, याचा मोठा आधार वाटतो.

पूर्वी दोनच प्रकारचे उपग्रह ऐकत असत. एक, आठशे ते हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे, त्यांची फेरी डोक्यावर येईपर्यंत कधी कधी तासापेक्षा जास्त थांबावं लागे. दुसरे, विषुववृत्तावर 36 हजार किलोमीटरवर स्थिर असलेले. ते लगेच ऐकतात, पण उत्तरेकडे उघडणाऱ्या आमच्या नाळेसारख्या जागी दक्षिणेचा कडा नेमका त्यांच्या आड येतो. आता अमेरिकेच्या जीपीएस, युरोपच्या गॅलिलिओ आणि रशियाच्या ग्लोनास या दिशादर्शक व्यवस्थांच्या उपग्रहांवरही हीच ऐकणारी यंत्रणा बसवलेली आहे. ते साधारण 20 हजार किलोमीटरवर असतात, संख्येने भरपूर आणि सतत सरकणारे, त्यामुळे अरुंद पट्टीएवढं आभाळ दिसत असेल तरी त्यातून कुणी ना कुणी जातच असतं.

2.09 ला घरी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन वाजला. हे मला अर्थातच नंतर कळलं.

बीकन घेतल्यावर तो नोंदवावा लागतो. नोंदणीत तुमचं नाव आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते क्रमांक असतात. अप्पांचा पहिला. पलीकडून बचाव केंद्राच्या अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या मुलीच्या नावावरच्या बीकनचा संकटाचा सिग्नल आलाय. ती आत्ता कुठे आहे?" मी निघण्याआधी माझ्या अक्षरात वाट, वेळा आणि माणसं लिहिलेला कागद कपाटाच्या दारावर चिकटवून जाते. अप्पांनी तो काढून वाचून दाखवला. चौघं आहेत, अमुक नाळेने उतरणार, तीस मीटर दोर आहे, एकीला दम्याचा त्रास आहे. अधिकाऱ्याने सिग्नलची जागा सांगितली, ती कागदाशी जुळली. अप्पांनी विचारलं, "ती बोलतेय का?" तो म्हणाला, "नाही काका, हे यंत्र बोलत नाही. चालू आहे एवढंच कळतं. पण ते कुणीतरी हाताने चालू केलंय."

बीकनचे बहुतांश इशारे खोटे निघतात. कुणी मोडीत टाकलेला असतो, कुणाच्या पोराने दाबलेला असतो. त्यामुळे बचाव केंद्रावरचा माणूस आधी फोन लावतो, आणि फोनवर "हो, ती खरंच डोंगरात आहे" असं कळलं की पुढची चाकं झपाट्याने फिरतात. माझ्या नोंदणीतला दुसरा क्रमांक एका जुन्या सहकाऱ्याचा होता. तो वर्षभरापूर्वीच बंद झाला होता आणि मी बदलला नव्हता. अप्पा त्या दुपारी घरी नसते तर? हा विचार आजही मला झोपू देत नाही. बीकनवर पैसे खर्च करून नोंदणी न करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना कळकळीने सांगते, यंत्राचं अर्धं काम त्या फॉर्मवर आहे. परदेशातून बीकन आणला असेल तर त्यात कुठल्या देशाचा क्रमांक भरलेला आहे ते आधी तपासा. नोंदणी त्या देशात होते, आणि तो बदलायला बीकन अधिकृत सेवा केंद्रात नेऊन पुन्हा प्रोग्रॅम करून घ्यावा लागतो. जुना, नुसत्या 121.5 मेगाहर्ट्झचा बीकन कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रह ती फ्रिक्वेन्सी ऐकत नाहीत.

इकडे आम्हाला यातलं काहीच कळत नव्हतं. माझी या बीकनबद्दलची खरी तक्रार हीच. दिवा लुकलुकतो याचा अर्थ संदेश गेला. पोचला का, कुणी ऐकला का, निघालं का कुणी, काही नाही. दर दहा मिनिटांनी मी उठून दिवा पाहून येत होते. मावसभाऊ विचारायचा, "ताई, हिरवाच आहे ना?" मी म्हणायचे, "हिरवाच आहे." चार वाजता त्याला हुडहुडी भरली, तेव्हा तर मी बीकनला हात जोडायचीच बाकी होते. गॅलिलिओने जानेवारी 2020 पासून परतीच्या संदेशाची सोय सुरू केली आहे. तो संदेश घेणाऱ्या बीकनवर एक वेगळा दिवा लागतो, म्हणजे तुमचा सिग्नल मिळाला आणि जागा कळली. पथक निघालं असं त्यातून कळत नाही, पण तेवढ्याने आमचे पाच तास वेगळे गेले असते. आज नवीन घेणाऱ्याने ही सोय असलेलाच घ्यावा, वजन थोडं जास्त असलं तरी.

सॅटेलाइट मेसेंजर का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. त्यावर उपग्रहामार्फत दोन्हीकडून लेखी निरोप पाठवता येतात, हा मोठाच फायदा आहे. पण त्याला वर्गणी लागते आणि तो वरचेवर चार्ज करावा लागतो. बीकन वर्षानुवर्षं पडून राहतो आणि दाबल्यावर किमान 24 तास चालतो. शक्य असेल तर दोन्ही ठेवा. एकच ठेवायचा तर मी बीकन ठेवीन.

अंधार पडताना, सातच्या सुमाराला, मला खालून एक आवाज आला. वरच्या सुरातून खाली घसरत येणारा, पुन्हा वर जाऊन पुन्हा घसरणारा, वूप-वूप असा. एखादा पक्षी असेल असं वाटलं. मग बॅटरीचा उजेड दिसला. पथकातल्या मुलाच्या हातात छोटी अँटेना आणि रिसीव्हर होता, आणि तो आवाज माझ्या बीकनचा होता. 406 शिवाय बीकन 121.5 वर एक हलका सिग्नल सतत सोडत असतो. उपग्रह तो ऐकत नसले तरी जमिनीवरची माणसं ऐकतात. नाळेच्या कातळांमुळे जीपीएसचा बिंदू शेजारच्या धारेच्या पलीकडे पडला होता. पथक आधी तिथे पोचलं, तिथे कुणीच नाही. मग त्यांनी अँटेना फिरवली आणि आवाज ज्या बाजूला चढतो तिकडे उतरत आले. 7.12 ला ते आमच्यापाशी होते. पाच तास मी ज्या मुक्या दिव्याकडे बघत होते, त्याचा आवाज मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातातून ऐकला. मला रडू आवरलं नाही.

मी बीकन बंद करायला गेले तर तो मुलगा म्हणाला, "राहू दे ताई. मागून स्ट्रेचरवाले येतायत, त्यांना लागेल." एकदा दाबला की सुटका होईपर्यंत बंद करायचा नाही, हे सूचनापत्रात वाचलं होतं. का, ते तेव्हा समजलं.

नंतरचा अनुभव मात्र वाईट. पाच तासच वापरला असला तरी बॅटरी बदलणं सक्तीचं आहे, आणि ती घरी बदलता येत नाही. सील उघडून, बदलून, पाण्याच्या दाबाखाली तपासून मगच परत मिळतो. अधिकृत केंद्राने त्याला सात आठवडे लावले. फोनवर दर वेळी वेगळं उत्तर. तेवढे आठवडे मी कुठे गेले नाही, आणि ज्या गटांबरोबर जाते त्यांनाही थांबवलं. घेण्याआधी बॅटरी कोण बदलतं आणि किती दिवसांत, हे विचारून घ्या.

आता परतीच्या संदेशाचा नवीन बीकन आलाय. नोंदणीत अप्पा, मावशी आणि गटातली एक मैत्रीण, असे तीन चालू क्रमांक आहेत. कपाटाच्या दारावर वाटेच्या कागदाशेजारी बीकनचा 15 अक्षरांचा कोडही लावलाय. मी फोनवर तो वाचला, अप्पांनी लिहून घेतला आणि मग एकेक अक्षर मला परत वाचून दाखवलं. शेवटून तिसऱ्या जागी मी बी ऐवजी 8 सांगितला होता. ते दुरुस्त केलं.