ऑफ-ग्रिड सोलरचा बॅकअप: बॅटरी वाढवावी, पॅनेलं वाढवावीत की जनरेटर घ्यावा?

सलग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की ऑफ-ग्रिड, म्हणजे बाहेरची वीजजोडणी नसलेल्या, घराची खरी परीक्षा सुरू होते. अशा वेळी मोठी बॅटरी घ्यावी असंच आधी मनात येतं. पण ती भरणार कशी, हे आधी तपासा.

समजा, रोजचा वापर 5 युनिट आहे. तीन दिवसांचे झाले 15. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर संपते, म्हणून 30 युनिटची बँक, म्हणजे जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, लागेल. 48 व्होल्टला साधारण 625 अँपिअर-अवर. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80-90 टक्के वापरता येते, त्यामुळे 17 ते 19 युनिट पुरतात. आता ऊन पडलं. पॅनेलं दिवसाला 7 युनिट देत असतील, तर 5 घरात खर्च होऊन उरतात जेमतेम 2. रिकामी बँक भरायला आठवडा उलटून जातो आणि मधेच पुन्हा ढग आले की सगळं मुसळ केरात. लेड-ॲसिड अशी दिवसेंदिवस अर्धवट राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

म्हणून मी पॅनेलांना आधी पैसे देईन. दाट ढगांत उत्पादन अगदी 10-20 टक्क्यांवर येतं, पण पॅनेलं दुप्पट केली तर तेवढ्यावरही दिवे आणि पंखे निभावतात. शिवाय ऊन येताच बॅटरी पटकन सावरते. फक्त पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणाऱ्या चार्ज कंट्रोलरची व्होल्टेज मर्यादा पाहा. थंडीत पॅनेलांचं व्होल्टेज वाढतं.

तरीही आठवडाभर सूर्य दिसला नाही, तर जनरेटरला पर्याय नाही. चूक होते ती त्यावर रात्रभर चार दिवे चालवण्यात. हलक्या लोडवर प्रत्येक युनिटला जास्त इंधन जातं आणि डिझेल इंजिनात काजळी साचते. त्याला चार्जर जोडा: 48 व्होल्टच्या बँकेला 40 अँपिअरचा चार्जर सुमारे 2 ते 2.5 किलोवॅट ओढतो, 3 केव्हीएचा जनरेटर तो पेलतो आणि 5 युनिट अडीच-तीन तासांत भरतात. लेड-ॲसिड असेल तर 80 टक्क्यांना थांबा. पुढे ती करंट फार कमी घेते, ते काम उन्हावर सोडा. मात्र अधूनमधून ती पूर्ण भरायलाच हवी.

जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी एकाच स्रोताची वीज घेणाऱ्या स्विचमधूनच, करा. पेट्रोल काही महिन्यांत खराब होतं, त्यामुळे महिन्यातून एकदा लोड देऊन चालवून बघा.

ढग एक-दोन दिवसच टिकत असतील, तर जादा पॅनेलं आणि दीड दिवसाची लिथियम बॅटरी पुरे. आठवडेच्या आठवडे धुकं किंवा झड असेल, तर छोटा जनरेटर आधी घ्या, बॅटरी नंतर वाढवा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालत असेल, तर तिन्ही हवेत, आणि त्या यंत्राची रात्रभराची युनिटं बॅटरीत कायम राखीव ठेवा.