डेट्रॉइटची क्यूलाइन : ट्राम चांगली, मार्ग अपुरा

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या वुडवर्ड अव्हेन्यू या मुख्य रस्त्यावर मे 2017 पासून धावणारी क्यूलाइन ही ट्राम केवळ प्रवासाची सोय म्हणून पाहिली, तर समाधानकारक आहे. व्हीलचेअर किंवा बाबागाडी न उचलता आत नेता येते आणि 2021 मध्ये सेवा पुन्हा सुरू झाल्यापासून तिकीट लागत नाही. बऱ्याच अंतरावर डोक्यावर विजेच्या तारा नाहीत; तिथे गाडी बॅटरीवर चालते. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मोटार कारखान्यातील कामगारांची भव्य भित्तिचित्रे जिथे रंगवली, ते कलासंग्रहालयही याच मार्गावर आहे. मात्र मधल्या टप्प्यात रूळ पदपथालगत असल्यामुळे, कोणी रुळांवर मोटार उभी केली की ट्रामला वळसा घालता येत नाही आणि मागचे सगळे वेळापत्रक कोलमडते.

माझा खरा आक्षेप लांबीवर आहे. 1950 मध्ये साडेअठरा लाख असलेली या शहराची वस्ती 2020 पर्यंत साधारण 6.4 लाखांवर आली आणि जे गेले त्यांत कारकून, शिक्षक, फोरमन, दुकानदार अशी स्वतःची घरे असलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. त्यांना परत आणायचे तर घरापासून कामापर्यंत खात्रीचे वाहन हवे. मूळ योजनेत ही रेल्वे सुमारे नऊ मैल, थेट शहराच्या वेशीवरील एट माइल रोडपर्यंत जाणार होती. 2011 मध्ये ती योजना गुंडाळली गेली आणि खासगी देणगीदारांच्या चिकाटीमुळे 3.3 मैलांचा तुकडा तेवढा उभा राहिला. त्यांचे ऋण मान्य करूनही सांगावेसे वाटते की, याचा लाभ मुख्यतः आधीच सावरू लागलेल्या मध्यवर्ती भागाला मिळाला. एकेकाळी हेन्री फोर्ड जिथे राहत, त्या बोस्टन-एडिसन या देखण्या जुन्या वस्तीच्या सुमारे मैलभर अलीकडेच ट्राम थांबते, आणि 1913 मध्ये मोटारींची सरकती जुळणी (असेंब्ली लाइन) जिथे सुरू झाली ते हायलँड पार्क तर आणखी पुढे राहते.

ट्रॉय, नोव्हाय अशा उपनगरांत मोटार उद्योगामुळे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी पाहुण्यांना घेऊन या ट्रामने जरूर जावे. फक्त ग्रँड बुलेव्हार्ड या उत्तरेकडील शेवटच्या थांब्यावर उतरून परत फिरू नये. वुडवर्डवरूनच उत्तरेकडे जाणारी शहर बस घ्यावी, म्हणजे ट्राम जिथवर पोहोचायला हवी होती त्या वस्त्याही पाहता येतील.