डायव्हिंगचा टॉर्च, पण पाण्यात वापरू नका म्हणे! (८ महिन्यांनंतर)

ऑलिम्पस टीजी-६ या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडतो. मला बोलायचंय ते सोबत घेतलेल्या टॉर्चबद्दल. ३,२०० रुपये मोजले, डब्यावर ठळक अक्षरांत 'डायव्हिंग'. अकराव्या डाइव्हला आत पाणी. सर्व्हिस सेंटरवाल्याने टॉर्च कानाशी हलवला, पाणी डुचमळलं, आणि म्हणाला, "साहेब, वॉटर डॅमेज वॉरंटीत बसत नाही." मग काय देवघरात लावायचा होता?

आणि टॉर्चशिवाय भागत नाही. मालवणला दिवाळीनंतर पाणी निवळतं, तरी सात-आठ मीटरवर लाल रंग जवळजवळ गायब. न्यूडिब्रँक म्हणजे शंख सोडून दिलेली समुद्री गोगलगाय. उजेडात नारिंगी दिसणारी, उजेड नसेल तर फोटोत चिखलाचा गोळा. बोटवाले काका तर विचारतातच, "असल्या बुळबुळीत किड्यांचे फोटो कित्याक काढतास?"

दुसऱ्या महिन्यात मी मित्रांना सांगत सुटलो होतो की कॅमेरा फालतू, सगळं मधोमध पांढरं जळतं. शब्द मागे घेतो. दोष टॉर्चच्या झोताचा होता. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण गोल कापून रबरबँडने काचेवर लावलं, उजेड दुधासारखा पसरला. खर्च शून्य, श्रीखंड खाल्लं ते वेगळं. मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्स १ सेंटीमीटरपर्यंत नेता येते, पण तिथे कॅमेऱ्याचीच सावली पडते, म्हणून टॉर्च बाजूने धरायचा. घाई केली की गोगलगाय वास घेणारी दोन शिंगं आणि पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा आत ओढून घेते. मग हवा जपत थांबा.

कॅमेरा दर वेळी अर्धा तास गोड्या पाण्याच्या बादलीत, आणि झाकणांच्या रबरावर केस अडकलाय का ते चष्मा लावून बघणं. एवढी काळजी नाही घेतली तर १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ असल्याचा भरवसा धरू नये.

नवीन टॉर्च घेतला नाही. पौषातल्या अमावास्येच्या ओहोटीला पहाटे हाजी अलीच्या खडकांवर गेलो, मोबाइलचा टॉर्च आणि तेच झाकण. घोटाभर पाण्यात गोनिओब्रँकस बॉम्बेयानस नावाची न्यूडिब्रँक, अंगावर जांभळे ठिपके. १९४६ साली मुंबईचंच नाव मिळालेली. आठ महिन्यांतला सर्वांत चांगला फोटो हाच, बसच्या तिकिटात.

टॉर्च कपाटात आहे. आत गेलेलं पाणी अजून बाहेर आलेलं नाही. तेवढा वॉटरप्रूफ आहे.