क्लिनिकच्या रेकॉर्ड सॉफ्टवेअरमधले डायग्नोसिस कोड: चार वर्षांच्या वर वापरून (५ पैकी साडेतीन)

इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या मॅडमचं जनरल क्लिनिक आहे, कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे, म्हणजे मॅडम पेशंट तपासत बोलत जातात आणि मी टाइप करत जाते. २०२० च्या शेवटी हे सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि माझ्या एका क्लिनिकच्या अनुभवावर कुणाचं नाव खराब व्हावं असं मला वाटत नाही. बिलिंग, अपॉइंटमेंट वगैरे ठीक आहे, सगळ्यांचं असतं तसंच. मला लिहायचंय ते फक्त डायग्नोसिस कोडबद्दल, म्हणजे प्रत्येक आजाराला ठरलेला जो अक्षर-आकड्यांचा कोड असतो त्याबद्दल, कारण दिवसभर माझा हात तिथेच असतो.

सुरुवातीला शोध म्हणजे डोकेदुखी होती. 'शुगर' टाकलं तर काहीच नाही, 'डायबिटीस' टाकलं तर एवढी मोठी यादी, टाइप वन, टाइप टू, प्रेग्नन्सीमधली, किडनीवाली, डोळ्यांवाली, आणि आम्हाला रोज लागतो तो साधा ई११.९ कुठेतरी खाली. बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना कोण एवढं स्क्रोल करणार? मग फेवरेटमध्ये टाकायचं बटण सापडलं, आणि मॅडमच्या नेहमीच्या साठेक निदानांची यादी मी दोन रविवार बसून बनवली. तेव्हापासून ऐंशी टक्के पेशंटना दोन क्लिकमध्ये कोड लागतो, यासाठी पूर्ण मार्क.

पण खरी जीव लावण्यासारखी सोय वेगळीच आहे. प्रत्येक कोडला आपले स्वतःचे शोधशब्द जोडता येतात, आणि देवनागरीत पण चालतात! आमच्याकडे पेशंट हिंदी नाहीतर मालवी बोलतात, मॅडम आणि मी आपसात मराठी, आणि कोडची नावं इंग्रजी. त्यामुळे मी 'पीलिया' आणि 'कावीळ' दोन्ही शब्द काविळीच्या कोडला जोडले, 'छोटी माता' आणि 'कांजिण्या' दोन्ही बी०१ ला. 'मोतीझरा' पण मी सरळ टायफॉईडला, ए०१.० ला जोडून टाकला होता, तर मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, "अगं, आठ दिवस ताप उतरला नाही की सगळे मोतीझराच म्हणतात. तो पेशंटचा शब्द आहे, माझं निदान नाही." आता 'मोतीझरा' टाकलं की आधी आर५०.९ येतो, म्हणजे कारण न कळलेला ताप, आणि टायफॉईड त्याच्या खाली. रिपोर्ट आल्यावर मॅडम बदलायला सांगतात. जो कुणी अशी यादी बनवतोय त्याने हे आधी डॉक्टरांजवळ बसूनच करावं, कारण घाईत पहिल्या ओळीवरच क्लिक होतं.

आता तक्रार. आजारांच्या कोडच्या यादीला आयसीडी-१० म्हणतात. हे सॉफ्टवेअर येतं ते तिच्या अमेरिकेतल्या आवृत्तीसोबत, आयसीडी-१०-सीएम, ज्यात ७० हजारांच्या वर कोड आहेत. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) मूळ आयसीडी-१० त्यामानाने बरीच लहान. विकताना कुणी सांगितलं नाही की दोन वेगळ्या याद्या असतात. अमेरिकेची यादी दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते, आणि २०२१ मध्ये कंबरदुखीचा एम५४.५ तोडून त्याचे एम५४.५०, एम५४.५१ आणि एम५४.५९ केले. आमचं कंबरदुखीचं फेवरेट अपडेटनंतर गुपचूप बंद पडलं, क्लिक केलं तर काही एरर पण नाही, निदानाची जागा रिकामीच सेव्ह व्हायची. तीन आठवड्यांनी लक्षात आलं.

मग डेंग्यूच्या सीझनला मॅडमना हवं होतं की धोक्याची लक्षणं असलेले पेशंट वेगळे दिसावेत. डब्ल्यूएचओच्या नव्या आवृत्तीत ते आहे, ए९७.० धोक्याची लक्षणं नसलेला, ए९७.१ ती असलेला, ए९७.२ गंभीर. अमेरिकेच्या यादीत अजून तो जुना ए९० आणि ए९१. सेटिंगमध्ये खूप आत 'कोड सेट' म्हणून एक पर्याय आहे, तिथून मी डब्ल्यूएचओची यादी लावली. डेंग्यूचं काम झालं, कंबरदुखीचा एम५४.५ पण परत चालू झाला, मी खूश.

दोन महिन्यांनी एका मुलाची फाईल प्रिंट केली. अकरा वर्षांचा, क्लासहून येताना रस्त्यावर कुत्रा चावलेला, पोटरीला दोन दात, तिसऱ्या डोसला आईबरोबर आला होता. प्रिंटवर लिहिलेलं की कुत्रा घरात चावला. आई म्हणाली, "मॅडम, हमारे घर में तो कुत्ता है ही नहीं." मला कळेचना, बटण तर तेच होतं, डब्ल्यू५४.०. मग रात्री बसून दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावल्या. अमेरिकेच्या यादीत डब्ल्यू५४.० म्हणजे कुत्रा चावला, एवढंच. डब्ल्यूएचओच्या यादीत शेवटचा आकडा जागा सांगतो, शून्य म्हणजे घरी, चार म्हणजे रस्त्यावर. यादी बदलली तेव्हा आमचे सगळे फेवरेट आकड्यांसकट तसेच आले, आणि मी दिलेलं 'कुत्रा चावला' हे नाव वर तसंच चिकटलेलं, त्यामुळे खाली अर्थ बदललाय हे दिसायला काही मार्गच नव्हता. टीबीचं पण तेच, ए१५.० अमेरिकेत नुसता फुप्फुसाचा टीबी, डब्ल्यूएचओत थुंकीच्या तपासणीत सिद्ध झालेला, सिद्ध न झालेल्यांना ए१६ वेगळा. एका पेशंटच्या नावावर थुंकीत न सापडलेला आजार सापडला म्हणून लिहिलं गेलं होतं. मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, आणि त्या दोन महिन्यांच्या सगळ्या फाईली आम्ही दोघींनी मिळून तपासून दुरुस्त केल्या.

सपोर्टवाले भैया फोन लगेच उचलतात, बोलतात पण नीट, पण म्हणाले हे तुम्हीच बदललं होतं. हो, मीच बदललं होतं, पण यादी बदलताना एक धोक्याची सूचना दाखवायला काय जातं? किमान ज्या कोडचा मजकूर दोन याद्यांत जुळत नाही तेवढे लाल करा.

म्हणून साडेतीन. रोजच्या वापराला खरंच छान आहे, मॅडमनी या वर्षी परत रिन्यू पण केलंय. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कोड सेट कोणता लावलाय ते विचारून घ्या, आणि फेवरेटला आपलं नाव देताना मूळ इंग्रजी नाव पुसू नका, दोन्ही दाखवायची सोय आहे, 'डिस्प्ले'मध्ये जाऊन टिक करावी लागते. फेवरेटची यादी एक्सेलमध्ये निघते, मी आता दर महिन्याच्या एक तारखेला काढते आणि मागच्या महिन्याच्या यादीशी ओळ न् ओळ ताडून बघते, अर्धा तास लागतो.