लिबरऑफिस २५.८: मराठी कामासाठी कितपत सोयीचं, कितपत सुरक्षित?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही संपला. हाउसिंग सोसायटीचं कार्यालय, छोटी पतसंस्था, शाळेतलं लिपिकाचं टेबल, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान अशा जागी हीच जोडी सर्रास दिसते. मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाही (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा) आणि दरवर्षी वर्गणी भरायची तयारी नाही. मग कोणीतरी ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे परवान्याशिवाय ऑफिस चालू करणारा प्रोग्रॅम, आणून देतो. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्या मशीनवर सभासदांचे खातेक्रमांक आहेत, तिथे हे करणं म्हणजे किल्ली स्वतःहून बाहेर देणं.

म्हणून लिबरऑफिसकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसला पर्याय असलेल्या मोफत सॉफ्टवेअरकडे, गांभीर्याने बघायला हवं. २०१० मध्ये ओपनऑफिस.ऑर्गपासून हा प्रकल्प वेगळा झाला. द डॉक्युमेंट फाउंडेशन तो चालवतं, आणि साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. २५.८ ही ऑगस्ट २०२५ची. माझं मत आधीच सांगतो: मराठी पत्रव्यवहार, इतिवृत्तं, साधे हिशेब, पीडीएफ यांसाठी ते जरूर घ्यावं. पण बसवल्या बसवल्या काही सेटिंग बदलल्याशिवाय वापरू नये. आणि फुकट आहे, फारसं कोणाच्या डोळ्यांवर नाही, म्हणून ते आपोआप सुरक्षित आहे या समजात राहू नये.

मॅक्रोपासून, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमपासून, सुरुवात करू. लिबरऑफिसमध्ये मॅक्रोची सुरक्षा मुळातच ‘हाय’वर असते. म्हणजे सही नसलेले मॅक्रो, विश्वासू म्हणून नोंदवलेल्या फोल्डरबाहेरून आले तर चालत नाहीत. हे चांगलं आहे. अडचण येते ती वरच्या कार्यालयाकडून एखादा एक्सेलचा तक्ता येतो आणि त्यातलं बटण दाबून काहीच होत नाही तेव्हा. मग कोणीतरी टूल्स – ऑप्शन्स – लिबरऑफिस – सिक्युरिटी – मॅक्रो सिक्युरिटी इथे जाऊन ‘लो’ करून ठेवतो, आणि ते कायमचं तसंच राहतं. त्यानंतर ईमेलने आलेल्या कोणत्याही फाइलमधला मॅक्रो न विचारता चालतो.

योग्य उपाय त्याच खिडकीत, शेजारच्या ‘ट्रस्टेड सोर्सेस’ या टॅबमध्ये आहे. डी ड्राइव्हवर ‘मॅक्रो-तक्ते’ असं एकच फोल्डर करा, ‘ट्रस्टेड फाइल लोकेशन्स’मध्ये तेवढंच जोडा आणि ज्या तक्त्याची खात्री आहे तोच त्यात ठेवा. सुरक्षा ‘हाय’वरच राहू द्या. या यादीत डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा अख्खा डी ड्राइव्ह टाकला, तर मात्र ‘लो’ केल्यासारखंच झालं. एक्सेलचे व्हीबीए (मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रो-भाषेतले) मॅक्रो लिबरऑफिसमध्ये सगळेच चालत नाहीत, तेव्हा तक्ता तरीही बंद राहिला तर सुरक्षेला दोष देऊन ती आणखी सैल करू नका.

तरी ‘हाय’ म्हणजे अभेद्य नव्हे. २०१९ मध्ये सीव्हीई-२०१९-९८४८ ही त्रुटी सापडली (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींचा नोंदणी क्रमांक), ती यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिबरऑफिससोबतच लिबरलोगो नावाची, मुलांना कासव फिरवून चित्रं काढायला शिकवणारी, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली सोय येते. ती प्रोग्रॅमसोबतच येत असल्यामुळे विश्वासू धरली जायची. एखाद्या फाइलला तिच्याकडे हवा तो कोड सोपवता येत होता आणि इशारा न येता तो चालत होता. ६.२.५ मध्ये दुरुस्ती आली, तीही पळवाट काढून चुकवता येते असं दिसल्यावर पुन्हा दुरुस्ती आली. २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-२२५५ आली: फाइलमधल्या तरंगत्या चौकटीत बाहेरचा मजकूर न विचारता उघडला जात होता. दोन्ही त्रुटी वेळेवर दुरुस्त झाल्या. पण दुरुस्ती तुमच्या मशीनपर्यंत पोचली का, हा खरा प्रश्न आहे, आणि लिबरऑफिसची सगळ्यात दुबळी बाजू तिथेच आहे.

विंडोजवर नेहमीच्या इन्स्टॉलरने बसवलेलं लिबरऑफिस नवी आवृत्ती आल्याचं कळवतं, स्वतःहून बसवून घेत नाही. शेकडो एमबीची पूर्ण फाइल उतरवायची, सगळ्या फाइली बंद करायच्या, ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा. कार्यालयात हा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो महिन्यातून एकदा येतो, मग ती सूचना रोज बंद केली जाते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून पैसे देऊन घेतलेली प्रत स्टोअरच अद्ययावत ठेवतं. तीन-चार मशीनच्या कार्यालयाने तो खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. लिनक्सवर ही कटकट नाही, कारण सगळ्या प्रणालीच्या अपडेटमध्येच लिबरऑफिसचीही दुरुस्ती येते. विंडोज ७ किंवा ८.१ अजून चालू असेल तर २५.८ तिथे बसणारच नाही, या आवृत्तीपासून त्यांचा आधार काढला आहे. आणि नावाच्या साम्यामुळे अपाचे ओपनऑफिस उतरवू नका. त्याची ४.१ ही मालिका २०१४ची आहे, पुढे फक्त किरकोळ दुरुस्त्या झाल्या, आणि वर्डच्या नव्या स्वरूपातली फाइल त्यात उघडते पण त्या स्वरूपात साठवता येत नाही.

मायक्रोसॉफ्टचं एक श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण लावतं. ती खूण बघून वर्ड आणि एक्सेल फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये, म्हणजे बंदिस्त वातावरणात, फक्त वाचण्यापुरती उघडतात. २०२२ पासून अशा फाइलींतले मॅक्रोही थेट अडवले जातात. लिबरऑफिसमध्ये अशी बंदिस्त खोली नाही. फाइल उघडली की ती तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी उघडते. पण प्रोटेक्टेड व्ह्यूलाही मर्यादा आहेत. मे २०२२ मध्ये गाजलेल्या फॉलिना त्रुटीत (सीव्हीई-२०२२-३०१९०) वर्डची फाइल बाहेरून एचटीएमएल पान मागवायची, आणि ते पान विंडोजच्या समस्या-निदानाच्या साधनाकरवी आज्ञा चालवायचं. मॅक्रोचा संबंधच नव्हता. आरटीएफ फाइल तर न उघडता, एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यू पट्टीत नुसती दिसली तरी पुरे होतं. शिवाय विंडोजची ती अदृश्य खूण एनटीएफएस या डिस्कच्या स्वरूपावरच टिकते, त्यामुळे एफएटी३२ या जुन्या स्वरूपातल्या पेनड्राइव्हवरून आलेली फाइल तिच्याविना येते. आपल्याकडे निम्मे कागद पेनड्राइव्हनेच फिरतात.

म्हणून लिबरऑफिसमध्ये आणखी दोन सेटिंग चालू करून टाका. सिक्युरिटी – ऑप्शन्समध्ये ‘विश्वासू जागांबाहेरच्या कागदपत्रांतले दुवे अडवा’ या अर्थाची ओळ आहे, ती चालू करा. बाहेरून काही ओढून आणण्याचा मार्ग त्याने बराच आवळला जातो. तिथलीच ‘साठवताना वैयक्तिक माहिती काढा’ हीसुद्धा. लेखकाचं नाव, संपादनाला लागलेला वेळ, प्रिंटरचं नाव, शेऱ्यांवरची नावं हे सगळं फाइलमध्ये राहतं. निविदेची किंवा तक्रारीची फाइल बाहेर पाठवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता मराठीकडे. सोय नसली की माणूस सुरक्षा सोडून देतो, हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. गूगलचं विंडोजवर बसवायचं इनपुट टूल गूगलने केव्हाच बंद केलं. तरी ‘मराठी टायपिंग सॉफ्टवेअर’ म्हणून शोधणारे लोक कुठल्या तरी साइटवरून त्याचा जुना इन्स्टॉलर उतरवतात. कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण वाचणारा प्रोग्रॅम अनोळखी जागेवरून घेणं याहून धोक्याचं काही नाही, बँकेचा पासवर्डही त्यातूनच जातो. गरजही नाही. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित मांडणीचा) कीबोर्ड आहेच, आणि २०१९च्या मे अपडेटपासून (१९०३) रोमन अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करायचा ‘मराठी फोनेटिक’ही आहे. सेटिंग्ज – टाइम अँड लँग्वेज इथे मराठी जोडायची, तिच्या ऑप्शन्समधून कीबोर्ड निवडायचा आणि विंडोज-स्पेस दाबून बदलत राहायचं.

लिबरऑफिसमध्ये नंतर टूल्स – ऑप्शन्स – लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर (देवनागरीसारख्या लिप्या यात मोडतात) मराठी निवडा. तिथे हिंदी राहिली तर शब्दाशब्दाखाली लाल रेघा येतात. वैतागून लोक शुद्धलेखन तपासणी बंद करतात. शिवाय नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठीची वेगळी वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी असेल तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप येतो, हिंदी असेल तर हिंदीतली वळणं येतात. ५.३ पासून लिबरऑफिस सगळीकडे हार्फबझ हे अक्षरजुळणीचं इंजिन वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं विंडोजवर आणि लिनक्सवर सारखीच लागतात. या बाबतीत मला ते फार आवडतं.

एक जागा मात्र नवख्याला हमखास अडवते. लिबरऑफिस रोमन आणि देवनागरी यांचे फाँट आणि आकार वेगळे धरतं. स्टाइलमध्ये ‘वेस्टर्न’खाली आकार १४ केला तरी देवनागरी १२वरच राहते. शेजारचा ‘कॉम्प्लेक्स’ विभागही बदलावा लागतो. डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये दोन्ही एकदाच नीट करून तो नमुना टेम्प्लेट म्हणून जपून ठेवा.

‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला ऱ्य इन्स्क्रिप्टवर असा काढा: शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. काही जण साध्या र ला हलन्त देऊन अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण आतले संकेत वेगळे असल्यामुळे ‘फाइंड’ला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि सभासदाचं आडनाव यादीत असूनही सापडत नाही. कृतिदेव किंवा जुन्या श्री-लिपी या युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टाइप केलेल्या फाइलींची गत याहून वाईट, तिथे आत रोमन अक्षरंच असतात. त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित संकेतांत, बदलून घ्या. शोध, अनुक्रम, शुद्धलेखन यांतलं काहीही त्याशिवाय चालणार नाही. आणि गोपनीय यादी असेल तर ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये चिकटवू नका, ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते.

वर्डवाल्यांशी देवाणघेवाण करताना पानं सरकतात, त्याचं कारण बहुधा फाँट. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया लिबरऑफिससोबत येतात, म्हणून ते निभतं. वर्डच्या नव्या ॲप्टोसला तसा जोडीदार सोबत येत नाही. देवनागरीत मंगलची वेगळीच गंमत आहे: विंडोज १० पासून मंगल मुळात बसवलेला नसतो, ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ हा ऐच्छिक भाग जोडावा लागतो. तो नसला की निर्मला यूआय येतो आणि तक्त्यातल्या ओळी वाढतात. अंतिम प्रत पाठवायची तर पीडीएफच पाठवा. संपादनासाठी पाठवायची तर फाइल – प्रॉपर्टीज – फाँटमध्ये ‘एम्बेड’ची खूण करा.

लिबरऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकूर-फाइल) उघडणं एक्सेलपेक्षा सोपं आहे. उघडतानाच खिडकी येते, ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडायचं की झालं. एक्सेलमध्ये तीच फाइल डबल-क्लिकने उघडली तर नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. तिथे डेटा – फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही या वाटेने जाऊन ६५००१ (यूटीएफ-८चाच क्रमांक) निवडावं लागतं. बिघडलेली फाइल तशीच साठवली की मूळ नावं गेली.

पासवर्डबद्दलचा गैरसमज तर दोन्हीकडे सारखाच आहे. ‘प्रोटेक्ट शीट’ म्हणजे कुलूप नव्हे. एक्सेलची नवी फाइल ही आतून झिप असते, ती उघडून संरक्षणाची एक ओळ पुसली की संपलं. चुकून सूत्र पुसलं जाऊ नये यासाठी ते ठीक आहे, आधार क्रमांक लपवायला नाही. खरं कूटलेखन हवं असेल तर ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत तळाशी ‘सेव्ह विथ पासवर्ड’ची खूण करा. एक्सेलमध्ये हेच फाइल – इन्फो – ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’खाली मिळतं. लिबरऑफिसने २४.८ पासून ओडीएफसाठी, म्हणजे स्वतःच्या मूळ फाइल-स्वरूपासाठी, अधिक भक्कम पद्धत आणली आहे. ती फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून सगळ्या मशीनवर आवृत्ती एकच ठेवा. पासवर्ड विसरलात तर परत मिळवायची सोय नाही, तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

एक सेटिंग विंडोजचं आहे, पण त्याशिवाय वरचं सगळं अपुरं. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट (नावाच्या शेवटची प्रकार सांगणारी अक्षरं, एक्स्टेन्शन) मुळात लपवतं. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच आडोशाने पसरला: नावात टीएक्सटी दिसायचं, खरं शेपूट व्हीबीएस या चालणाऱ्या प्रोग्रॅमचं. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू – शो – फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा, विंडोज १०मध्ये व्ह्यू टॅबमध्येच ती चौकट आहे.

गुंतागुंतीचे व्हीबीए तक्ते, पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं माहिती गोळा करून साफ करायचं साधन) किंवा वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून वकिलाकडे सतत येणारे-जाणारे मसुदे हेच ज्यांचं मुख्य काम आहे, त्यांनी लिबरऑफिसच्या वाट्याला जाऊ नये, परवान्याचं ऑफिसच घ्यावं. बाकीच्यांनी जुनं मशीन लिनक्सवर नेऊन त्यावर हे वापरावं. विंडोज १०च ठेवणार असाल, तर ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. तेव्हा टेम्प्लेट, युनिकोड रूपांतर आणि विश्वासू फोल्डरची मांडणी त्याच्या आतच उरकून घ्या.