व्हाइट्स ६०००/डीआय : काट्यासाठी घेतलं, कानामुळे टिकलं

माझ्या जुन्या मेटल डिटेक्टरच्या दुरुस्तीचं बिल मशीनच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट आलं. असं झालं की माणूस एकतर मशीन भंगारात टाकतो, नाहीतर त्याच्याबद्दल लिहायला बसतो. मी बसलोय.

जीईबी (जमिनीतल्या खनिजांचा गोंगाट वजा करायची सोय) काय, मोशन डिस्क्रिमिनेशन (कॉइल हलती ठेवून नको ते धातू गाळायची सोय) काय, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, म्हणून स्पेसिफिकेशनची जंत्री देत नाही. ऐंशीच्या दशकातली निळी पेटी, खाली थाळीएवढी कॉइल, वर काट्याचा मीटर. बनली अमेरिकेत, ओरेगनमधल्या स्वीट होम गावात. केनेथ व्हाइट यांनी तिथे १९५० साली धंदा मांडला तो युरेनियम शोधणाऱ्यांना गायगर काउंटर विकायला. डिटेक्टर नंतर आले. २०२० मध्ये कारखाना बंद झाला आणि डिझाइन वगैरे गॅरेट या दुसऱ्या डिटेक्टर कंपनीकडे गेली. मी राहतो ओरेगनमध्येच, हिल्सबरोला, म्हणजे कारखाना गाडीने दोनेक तासांवर होता. होता, हे महत्त्वाचं. आता वॉरंटी मागायला दारच नाही.

नवीन मशीनला पाचशे-सहाशे डॉलर मोजायची माझी तयारी नव्हती. बायकोची तर त्याहून नव्हती. एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तो) ही पेटी ऐंशी डॉलरला मिळाली, आणि खरं सांगायचं तर ती घेतली केवळ काट्यासाठी. घरी आल्यावर टेबलावर एक क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं) कॉइलपुढून फिरवला, काटा झपकन उजवीकडे गेला आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

आता काट्याबद्दल. इतर गोष्टींना मी दोन-चार ओळी देईन, याला जरा जास्त.

मीटरवर डावीकडे लोखंड, मग फॉइल, निकेल (पाच सेंटचं नाणं), कॅन उघडायचे टॅब, बाटलीची स्क्रू कॅप, पेनी (एक सेंट), डाइम (दहा सेंट) आणि उजव्या टोकाकडे क्वार्टर-हाफ डॉलर. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरे-प्रवाह उठतात, त्यांचा परतीचा सिग्नल किती मागे पडतो यावरून पेटी अंदाज बांधते. चांदी, तांबं असे चांगले वाहक एका टोकाला. पातळ, बारीक, कमी वाहक वस्तू दुसऱ्या टोकाला. नव्या मशीनमध्ये हाच अंदाज आकड्यात दिसतो. स्क्रीनवर ८२ आलं की ८२. पण काटा नुसता जागा दाखवत नाही, तो तिथपर्यंत कसा पोचला हेही दाखवतो. जुन्या किराणा दुकानातल्या तराजूसारखं आहे हे. काटा मधोमध येण्याआधी किती डोलतो, यावरून समोरचं गिऱ्हाईकही ओळखायचं की वाणी काय करतोय.

चांदीचं नाणं सपाट पडलेलं असेल तर कॉइल डावीकडून आणा, उजवीकडून आणा, काटा त्याच जागी जाऊन ठाम उभा राहतो. गंजलेल्या खिळ्यावर तो कधीकधी थेट क्वार्टरपर्यंत उडी मारतो, पण दुसऱ्या फेरीत भलतीकडे जातो. बियरच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण नाण्याचं सोंग घेतं, पण कॉइल जरा बाजूला सरकवली की काटा घसरतो. आणि लॉनमोअरने कापलेल्या कॅनच्या तुकड्यावर तो नुसता थरथरतो, त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत मी जागा कमी आणि थरथर जास्त वाचायला शिकलो. शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या घरासमोरच्या हिरवळीत (घर १९५० च्या दशकातलं, परवानगी रीतसर, खड्डा बुजवून वर पाणीही घातलं) काटा अगदी सरळ उभा राहिला. खुरप्याने चौकोनी ढेकूळ उचललं तर त्याच्या बुडाशी पांढरी, रेघारेघांची कड दिसत होती. १९६४ चा क्वार्टर. चलनातल्या चांदीच्या क्वार्टरचं शेवटचं वर्ष, ९० टक्के चांदी, सव्वासहा ग्रॅम. तांब्याचं नाणं मातीत हिरवं पडतं, १९८२ नंतरच्या जस्ताच्या पेनीला तर कडेने भोकं पडतात. चांदी मात्र बोटाने पुसली की काल पडल्यासारखी. नाणं आजींना दिलं. त्यांनी परत दिलं.

इथवर माझं मत ठाम होतं : काटा हेच मशीन, बाकी सगळं त्याला जोडलेलं सामान.

मग गाडीच्या डिकीत पेटी घसरली आणि काटा निकेलच्या खुणेजवळ अडकून बसला. टिचकी मारली की सुटायचा, पुन्हा अडकायचा. आत नाजूक टोकावर फिरणारी बारीक कॉइल असते, चाळीस वर्षांनंतर ती रुसली तर बनवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचा असेल तर दुरुस्तीवाल्याला देईन. नाव लिहीत नाही. गृहस्थांनी आधी सांगितलं, फोटो पाठवा. मग म्हणाले, फोटोवरून कळत नाही. मग मशीन उघडून बघण्याचेच चाळीस डॉलर, जुना मीटर शोधून बसवण्याचे पंच्याण्णव, आणि वर ‘व्हिंटेज हँडलिंग’ नावाचे वीस. मी विचारलं, हे हँडलिंग म्हणजे काय? म्हणाले, जुन्या मशीनला जपून हात लावावा लागतो. म्हणजे नव्या मशीनला हा माणूस हात कसा लावतो, देव जाणे. ते वीस कमी करायला मला आठवडे लागले. शेवटी दहा कमी झाले. तोवर पेटी घरीच होती, मुका काटा घेऊन.

आणि माझं मत बदललं ते याच काळात.

काटा नसला तरी आवाज असतो. पेटीला दोन रीती आहेत. डिस्क्रिमिनेशनमध्ये ती नको त्या धातूंना गप्प करते आणि हव्या त्यांवर ठोका देते. दुसरी रीत सगळे धातू पकडणारी, तिच्यात सतत एक बारीक गुणगुण चालू ठेवायची आणि ती कुठे फुगते हे ऐकायचं. त्यासाठी जीईबी नीट लावावा लागतो : कॉइल जमिनीवरून वर-खाली करायची आणि गुणगुण दोन्हीकडे सारखी राहीपर्यंत नॉब फिरवायचा. नवीन मशीन हे एका बटणात करतं. इथे आपण करायचं. काटा चालू असताना मी हे घाईघाईत उरकायचो, कारण लक्ष वर मीटरकडे. काटा बंद पडल्यावर हेडफोन लावून सावकाश करू लागलो, आणि आधी झाडून काढलेल्या मैदानातूनच दोन व्हीट पेनी (मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या जुन्या पेनी) निघाल्या. दोन्ही शेजारी खिळा असलेल्या.

त्यातच आमच्या ओळखीतल्या ग्रुपची पिकनिक. व्हॉलीबॉल झाला, मिसळ झाली, आवराआवर करताना एका वहिनींच्या लक्षात आलं की मंगळसूत्र गळ्यात नाही. दहा-बारा जण गवतात वाकून शोधत होते. तिथे खड्डे खणायची परवानगी नव्हती, पण वस्तू पडून तासभरही झाला नव्हता, गवताच्या वरच असणार होती. मी घरी जाऊन पेटी आणली. वहिनींचे यजमान म्हणाले, “अहो, सोन्याचं आहे, लगेच वाजेल.” इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. अंगठी छान वाजते, कारण ती बंद कडी आहे आणि प्रवाहाला गोल फिरायला वाट मिळते. तीच अंगठी एका जागी तुटलेली असेल तर सिग्नल एकदम पडतो. आणि साखळी म्हणजे तर एकमेकांना जेमतेम टेकलेल्या चिमुकल्या कड्या. मशीनला ती अख्खी साखळी दिसतच नाही, सुटी सुटी कडी दिसते. काळे मणी काचेचे, ते तर हिशेबातच नाहीत. उरल्या दोन वाट्या. पातळ पत्र्याच्या, नखाएवढ्या. अशी वस्तू फॉइलच्या आसपास बोलते, आणि बरेच जण डिस्क्रिमिनेशनचा नॉब त्याच्याही पुढे, टॅबच्या पलीकडे नेऊन ठेवतात, कचरा नको म्हणून.

मी डिस्क्रिमिनेशन बंद केलं आणि नेटच्या खांबापासून गुणगुण ऐकत सुरुवात केली. चॉकलेटचं फॉइल आलं, एक टॅब आला. नेटच्या मागच्या कोपऱ्यात गुणगुण किंचित फुगली, इतकी किंचित की कोणी बोलत असतं तर निसटली असती. कॉइल आडवी फिरवली, पुन्हा तेवढीच. वाकून गवत बाजूला केलं तर मणी आणि त्यात एक वाटी उलटी. हूक उघडलं होतं. वहिनींनी ते गळ्यात न घालता रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं आणि मला उरलेल्या मिसळीचा डबा दिला.

काटा चालू असता तर? चालू असता तर फॉइलवर थरथरला असता, आणि थरथर म्हणजे कचरा हे मी स्वतःला पढवून ठेवलं होतं. वर लिहिलेलं काट्याचं कौतुक मी खोडत नाही, नाण्यांसाठी ते शंभर टक्के खरं आहे. पण अंगठ्या-दागिन्यांसाठी काटा हा साक्षीदार, न्यायाधीश नाही. सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा टॅब मीटरवर एकाच पट्ट्यात येतात. आकार, जाडी, कॅरेट मिळून सोनं नेमकं तिथेच जाऊन बसतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोच्या अर्मल फ्रेझ यांनी कॅनला ओढून काढायचा टॅब बसवला, लोकांनी पुढची दहा-बारा वर्षं ते टॅब ओढले आणि जिथे उभे होते तिथेच टाकले. १९७५ मध्ये कॅनलाच चिकटून राहणारा टॅब आला तोवर अमेरिकेतल्या बागा पेरून झाल्या होत्या. आकडा दाखवणाऱ्या महागड्या मशीनलाही यातून खात्रीची सुटका नाही. अंगठी हवी असेल तर टॅब उचलावेच लागतात. माझ्याकडे कॉफीचा डबा भरलाय. त्या डब्याबदल्यात आजवर चांदीची एक अंगठी मिळाली आणि सोन्याची एक, तीही दहा कॅरेटची. हिशेब करू नका, मी केलाय.

बाकीचं भरभर. वजन बरंच आहे. हातात धरून तासभर फिरवलं की खांदा दुसऱ्या दिवशी आठवण करून देतो, त्यामुळे पेटी कंबरेला लावा. पावसापासून संरक्षण शून्य, ओरेगनमध्ये हे सांगायला हवंच. मी ब्रेडची प्लास्टिकची पिशवी घालतो. समुद्रकिनारी कोरड्या वाळूत ठीक, ओल्या खाऱ्या वाळूत पेटी ओरडत सुटते, त्यात इथल्या किनाऱ्यावर काळी लोहयुक्त वाळू. ओल्या वाळूसाठी पल्स इंडक्शन मशीन मागून आणा, हिला त्रास देऊ नका. ट्रिगर दाबून नेमकी जागा शोधणं मात्र अजून नव्या मशीनच्या तोडीचं. आणि नॅशनल पार्कमध्ये हे वापरायला तयार स्थितीत नुसतं बाळगणंही गुन्हा आहे, डिकीत न्यायचंच तर सुटं करून, वापरता येणार नाही असं बांधून न्या.

कोणी अशी जुनी पेटी घेणार असेल तर सेल घालायची जागा उघडून पाहा, हिरवा-पांढरा चुरा दिसला की किंमत अर्ध्यावर आणा. कॉइलची वायर वाकवत आवाज ऐका. खरखरली तर उठा आणि चालू लागा, काटा कितीही देखणा असला तरी. नॉब फिरवताना येणारी खरखर वेगळी, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

काटा आता दुरुस्त होऊन आलाय, उत्तम चालतो. मी हेडफोनमध्ये ऐकून मनाशी ठरवतो आणि मगच मान खाली घालून मीटर बघतो. दहा डॉलर अजून सलतात.

हे सगळं ऐकून साताऱ्याहून काकांचा फोन आला. पावसाळ्यात नांगरल्यावर शेतात शिवराई निघतात, येताना मशीन घेऊन ये म्हणाले. मी त्यांना १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगितला : जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काका म्हणाले, “दहा रुपये? दहा रुपयांत चहा येत नाही.” मी म्हटलं, कायदा तोच आहे. “मग त्या मशीनचा उपयोग काय?” इथेही फारसा नाहीच, म्हटलं. त्यांनी फोन काकूंकडे दिला.